तानुबाईच्या दाताखालचा दाणा

उंद्री गावात ज्वारीचं पेव तानुबाईला विचारल्याशिवाय कोणी बंद करत नसे. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली रांजणासारखं गोल पोट. मळणी झाली की आतून चहूबाजूंनी कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, लावायचं, ज्वारी ओतायची, तोंडावर तुरीच्या तुराट्या टाकून शेणमातीनं लिंपायचं आणि उन्हाळ्यापर्यंत विसरून जायचं. काम एवढंच. फक्त ज्वारी पुरती वाळलेली हवी. ओली आत गेली तर ऊब धरते, फुगते, काळी पडते, आणि पेव उघडल्यावर असा भपकारा येतो की बैलसुद्धा मान फिरवतो. आता ज्वारी वाळली की नाही हे डोळ्याला दिसत नाही. हाताला थोडं कळतं. दाताला पुरं कळतं. म्हणजे कोणाच्याही दाताला नव्हे, तानुबाईच्या.

पौष लागला की खळ्याखळ्यावरून बोलावणी यायची. तानुबाई सावकाश यायची, पदर खोचायची, ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालायची आणि एक दाणा काढून, डोळे मिटून डाव्या दाढेखाली ठेवायची. त्या घटकेला खळं असं गप्प व्हायचं की काय सांगावं! बैलाच्या गळ्यातली घंटी कोणीतरी मुठीत धरायचं. खोकला आलेला गडी तोंडात दुपट्टा कोंबायचा. मग दाणा बोलायचा. ओला असला तर ‘पचक’. अर्धवट असला तर ‘कुच्’. आणि पुरता वाळलेला असला तर ‘कट्ट’. हा कट्ट असा खणखणीत, की पलीकडं उभ्या असलेल्यालाही ऐकू जावा. तानुबाई दाणा थुंकायची आणि म्हणायची, "भरा." कुच् आला असेल तर, "ऊन दाखवा." बस. इतर वेळी ही बाई बोलायला लागली की एस.टी.सुद्धा थांबून ऐकेल, पण खळ्यावर तिच्या तोंडून दोन शब्दांपेक्षा लांब निकाल कोणी ऐकला नाही.

हे तिला सासूनं शिकवलं होतं. सासू रुखमाबाई बाई कडक. सून घरात आली त्याच साली तिनं तिच्या तोंडात आळीपाळीनं ओले-वाळके दाणे घातले आणि "सांग" म्हणाली. चुकली की पाठीत धपाटा. "सासूनं मले दागिना नाही देल्ला," तानुबाई सांगायची, "पन दाताले कान देल्ले."

गावातल्या मोठ्या वावराचे धनी भगवानराव. त्यांनी एकदाच तिचं ऐकलं नव्हतं. "बाईच्या दाढंले काय कळते बे?" म्हणून कुच् वाजलेली ज्वारी त्यांनी भरून टाकली. उन्हाळ्यात पेव उघडलं तेव्हा अर्धं गाव नाकाला धोतर लावून घरात बसलं होतं. त्यानंतर भगवानराव जिवंत होते तोवर तिला बोलवायला स्वतः यायचे.

मुंबई राज्याचा महाराष्ट्र होऊन दोन-तीन हंगाम झाले असतील. भगवानराव गेले होते, त्यांचे चिरंजीव किसनराव वावर बघत होते. किसनरावांचं एक होतं. काहीही बोलले की शेवटी विचारायचे, "बराबर हाय का नाही?" आणि समोरचा काही म्हणायच्या आत स्वतःच मान हलवायचे. त्यांच्या खळ्यावर त्या पौषात तानुबाईनं दाणा दाढेखाली ठेवला, दाबला, आणि डोळे उघडले. दाणा बोललाच नव्हता. दाणा होता तिथंच होता, दाढ सरकली होती. उजवीकडं घेऊन पाहिला, तिकडंही तेच. तिनं हातात ज्वारी चोळली, जरा थांबली आणि म्हणाली, "ऊन दाखवा." उगाच भरून नासण्यापेक्षा दोन ऊनं जास्त बरी. पण घरी जाताना ती कोणाशी बोलली नाही, आणि हे पाहून गाव घाबरलं.

वरचे सगळे दात हलत होते. हिरडीतून पू यायचा. लवंग झाली, रुईचा चीक झाला, कोमट मिठाचं पाणी झालं. खालचे दात मात्र लोखंडासारखे.

"आत्याबाई, वरचे काहाडून टाका," सून विमलबाई म्हणाली. "बाजारात तो दात पाडनारा बसते ना, चिमटा घेऊन."

"अन् पुढल्या पौषात खळ्यावर जाऊन काय करू? ज्वारीचा मुका घेऊ?"

विमलबाई हसली, पण तानुबाई हसली नाही. तिला शालूबाई आठवत होती. ही तिची खामगावची नणंद. शालूबाईनं त्याच चिमटेवाल्याकडून वरचे दात पाडून घेतले होते. आधी जबडा ठीक होता. मग तो हळूहळू बसत बसत तळहातासारखा सपाट झाला, आणि त्यावर बसवलेली कवळी कधी टिकलीच नाही. शालूबाई हे, आपल्या शेळीसकट, स्वतःच मोठ्या चवीनं सांगायची. "म्या शेयीवर वरडली, हूऽऽड! तं कवयी शेयीच्या म्होरं जाऊन पडली व माय! शेयीनं हुंगली. चांगली उलटीपालटी करून हुंगली. पन खाल्ली नाही. माह्यापेक्शा तिले अक्कल!" सांगताना तिची कवळी पुन्हा घसरायची आणि ती जिभेनं वर ढकलायची, चुळुक्.

तो ‘चुळुक्’ तानुबाईच्या कानात बसला होता. दात गेल्याचं तिला एवढं वाटत नव्हतं. दात गेल्यावर मागं काय उरेल, याची तिला काळजी होती. चुळुक् करणाऱ्या तोंडावर कोण आपल्या वर्षभराच्या धान्याचा भरवसा ठेवील?

तिला खामगावला नेलं फकीर मोहम्मदनं. फकीर मोहम्मद म्हणजे उंद्रीचा पेव खोदणारा आणि पेव लिंपणारा. तानुबाईनं ‘भरा’ म्हटलं की पुढचं सगळं त्याचं. त्याला खामगावहून चुना आणायचा होता. एस.टी.त दोघं शेजारी बसले, तिच्या गालाला फडकं बांधलेलं.

"अल्ला तुमचं भलं करो बाई," तो म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य असंच सुरू व्हायचं आणि पुढं हमखास ‘पन’ यायचा. "पन तुमचे दात गेले तं माह्या लिंपन्याले काय अर्थ हाय? मी नासकी ज्वारी लिंपत बसू काय?"

दाताचे डॉक्टर नारायणराव पुण्याकडचे. मुंबईत शिकून खामगावात आले होते. दवाखाना एका कापसाच्या दुकानावर, त्यामुळे खिडकीला ओलं फडकं लावलेलं असायचं, नाहीतर खालचा कापूस उडून पेशंटच्या तोंडात यायचा. डॉक्टरांचं बोलणं स्वच्छ, धुतल्यासारखं, आणि प्रत्येक गोष्ट ‘म्हणजे बघा हं’पासून सुरू.

"म्हणजे बघा हं, आजीबाई—"

"आजी कोनाची? मले अजून नातू नाही."

"बरं, बाई. म्हणजे बघा हं. वरचे दात काढावेच लागतील. पण खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. दात ज्या हाडात रुतलेले असतात ना, त्याची एक उंच कड असते. दात निघाला की तिथं खड्डा राहतो. तो नीट भरला नाही तर कड आत खचते, बसत जाते. मग कवळीला बसायला जागाच राहत नाही."

"धुरा," तानुबाई म्हणाली.

"काय?"

"वावराचा धुरा नाही का राहत? बांध. तो बसला तं इकडचं पानी तिकडं. तुमी त्याच धुऱ्याची गोष्ट सांगून राह्यले."

डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि मोठ्यानं हसले. "अगदी धुराच! आणि तो खचू नये म्हणून मी त्या खड्ड्यात काहीतरी भरणार आहे."

"मंग सरळ सांगा ना. आमी रिकामं पेव कधी रिकामं ठेवतो का? कुटार कोंबून ठेवतो. नाहीतं एका पावसात ढासळते."

फकीर मोहम्मदनं कोपऱ्यातून मान डोलावली. आता त्याचा विषय निघाला होता. "अल्ला तुमचं भलं करो डॉक्टरसाब, पन भरनार काय?"

"म्हणजे बघा हं. परदेशात बैलाचं हाड उकळून, मांस-चरबीचा सगळा अंश काढून, त्याची स्वच्छ पूड वापरतात."

तानुबाईनं दोन्ही कानांना हात लावले. "पोळ्याले ज्याच्या पाया पडतो, त्याले तोंडात ठेवू? अन् मंग त्याच तोंडानं त्याच्याच खळ्यावर जाऊ?"

"म्हणूनच ते मी इथं सुचवत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे तुमचं स्वतःचं हाड. दात काढताना कडेचे बारीक कण निघतात, ते परत घालायचे. पण ते पुरत नाहीत. म्हणून त्यात हे मिसळायचं." डॉक्टरांनी झाकणाच्या डबीतली पांढरी भुकटी दाखवली. "प्लॅस्टर ऑफ पॅरिस. भट्टीत तापवून जंतू मारलेलं."

फकीर मोहम्मद पुढं आला. हात लावू का, असं त्यानं डोळ्यांनीच विचारलं. डॉक्टरांनी एक चिमूट वेगळ्या कागदावर दिली. त्यानं ती दोन बोटांत चोळली, हुंगली. "हे तं चुन्याचं भाऊबंद."

"जवळचं. जिप्सम नावाचा दगड भाजला की हे होतं."

"पानी घातलं की तापते?"

"तापतं."

"अन् धरायच्या आत भरा लागते. एकदा धरलं, अन् मंग हालवलं, तं भुगा."

"अगदी बरोबर," डॉक्टर म्हणाले. "म्हणूनच मला भरताना बोलायला आवडत नाही." मग दोघं पाणी किती, कालवायचं किती, यावर असे बोलत बसले की तानुबाईला गालाचं फडकं सोडून टेबलावर आपटावं लागलं.

"तोंड माह्यं हाय!" ती म्हणाली. "ते पांढरं माह्या जबड्यात जल्मभर राहील काय?"

"नाही. ते हळूहळू विरघळतं आणि त्याच्या जागी तुमचं हाड भरत येतं."

तानुबाईनं हे मनात घोळवलं. "म्हंजे कुटार जाते अन् दाना येते."

"म्हणजे बघा हं..." डॉक्टर म्हणाले आणि डबीला झाकण लावलं. त्यांना पुढं काही सांगायचंच उरलं नव्हतं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. हे मी फार जणांना केलेलं नाही."

"कितीकाले केलं?"

"तुमच्याआधी एकाला."

"जिता हाय ना तो?"

"जलंबला स्टेशनात हमाल आहे. ऊस खातो."

"मंग काढा," तानुबाई म्हणाली आणि तोंड उघडलं.

दात निघाले, खड्डे भरले, वर हिरडी दोऱ्यानं शिवली. डॉक्टरांनी बजावलं, "तिथं काहीही घालायचं नाही. बोट नाही, काडी नाही, जीभसुद्धा नाही." तानुबाईनं मान हलवली. ऐकणाऱ्याला वाटावं की ऐकलं.

घरी आल्यावर मात्र तिला राहवेना. पेव भरताना ज्वारीत राख आणि कडुनिंबाचा पाला घालतात, हे उंद्रीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्याशिवाय कीड लागते. डॉक्टर माणूस गुणी, हात हलका, पण पुण्याचा. तिकडं कुठं पेवं? त्याला कसं सुचणार? तानुबाईनं त्याला मनातल्या मनात माफ करून टाकलं, गोवरीची राख चाळली, पाला वाटला, आणि डावीकडच्या टाक्यांवर बोटानं चांगला दाबून बसवला. फक्त डावीकडं. डावी तिची निकालाची बाजू, तिची जास्त काळजी घ्यायला हवी. उजवी राहू दे डॉक्टरच्या भरवशावर.

विमलबाईला चुळीचं पाणी दिसलं तेव्हा ते काळंहिरवं होतं.

"आत्याबाई! चूल गिळली का तुमी?"

तोवर डावा गाल वांग्यासारखा झाला होता.

फकीर मोहम्मदनं तिला पुन्हा खामगावला नेलं. डॉक्टरांनी तोंड उघडून पाहिलं आणि आरसा खाली ठेवला. "हे काय भरलंत?"

"आख," तानुबाई म्हणाली. राख तिला म्हणता येत नव्हतं. "न् निंबाआ ऑआ."

फकीर मोहम्मदनं भाषांतर केलं. "राख अन् निंबाचा पाला डॉक्टरसाब. पेवात घालतो आमी. कीड नाही लागत."

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते हात धुवायला गेले. टाके सोडले, सगळं धुऊन काढलं, राखेबरोबर डावीकडचं प्लॅस्टरही भुगा होऊन आलं. मग हात पुसत म्हणाले, "बाई, पेवात ज्वारी असते. ती मेलेली असते. इथं जिवंत मांस आहे. उजवी बाजू छान आहे. डावीकडचा धुरा आता खचणार. तो मला थांबवता येणार नाही."

‘धुरा’ हा शब्द त्यांनी तिचाच वापरला, आणि तोच तिला लागला. परत येताना एस.टी.त ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

"अल्ला तुमचं भलं करो," फकीर मोहम्मद म्हणाला, आणि या खेपेला त्याच्याकडं ‘पन’ नव्हता. बऱ्याच वेळानं त्यालाच सुचलं. "पेवबी कधी एका बाजूनं खचते बाई. दुसरी बाजू चांगली असली तं मी ते बुजवत नाही."

ते साल तानुबाईनं कढीत कुस्करलेल्या भाकरीवर काढलं. वरचे दात नसल्यामुळं तिचं बोलणं सगळं ओठांवर आणि टाळूवर आलं. गल्लीतल्या पोट्ट्यांना नवं खेळणं मिळालं. ते ओट्याखाली उभे राहून तिच्यासारखं बोलायचे, "ओऽ विमऽ, आणी आण!" विमलबाई काठी घेऊन धावायची. तानुबाईनं एकदा त्या पोरांना जवळ बोलावलं. "असं नोय," ती म्हणाली, गाल आत ओढून दाखवत, "असं. ओठ आत घ्या. मंग बोआ." पोरं हुबेहूब बोलू लागली. मग कोणालाच त्यात मजा राहिली नाही आणि खेळ बंद पडला.

दसरा होऊन गेल्यावर कवळी झाली. डॉक्टरांनी आधी हिरडी दाबून पाहिली. उजवीकडं कड उंच, टणक, बोटाला सांगता येईल अशी. "कुटार गेलं, दाणा आला," डॉक्टर स्वतःच म्हणाले. डावीकडं बोट खोलगट जागेत गेलं. "म्हणजे बघा हं, या बाजूनं जोर दिलात तर कवळी डुलेल. चावायचं ते उजवीकडं."

खायला काही अडलं नाही. बोलणंही महिन्याभरात परत आलं, आणि सगळं साचलेलं असल्यामुळं दुप्पट आलं. पण दाणा! उजवीकडं दाणा फोडला की आवाज यायचा तो शेजारच्या घरात कोणी कांडतंय असा, लांबून. तिला ऐकू यायचं, कळायचं नाही. ओला-वाळका सारखाच. म्हणून तिनं रुखमाबाईचीच शाळा पुन्हा उघडली. पदराच्या एका टोकाला गेल्या सालची खणखणीत वाळलेली ज्वारी बांधली, दुसऱ्या टोकाला ओलसर. विमलबाईनं न सांगता एकेक दाणा द्यायचा.

"ओला," तानुबाई म्हणायची.

"वाळका होता, आत्याबाई."

"मार धपाटा."

"अव्वा! सासूले?"

"मार म्हनते ना!"

विमलबाई हलकेच चापट मारायची आणि दोघी हसायच्या. हळूहळू चापटी कमी झाल्या. तिला उमगलं की आता आवाज कानातून नाही, उजव्या धुऱ्यातून वर कानशिलात चढतो, आणि मान जरा उजवीकडं कलती केली की नीट चढतो. पौष लागला तेव्हा चापट मारायची पाळी विमलबाईवर क्वचितच यायची.

पहिलं बोलावणं किसनरावांचं आलं. मोठा ढीग, मोठं पेव, आणि नेमकं त्याच दिवशी पश्चिमेकडून आभाळ भरून येत होतं. गडी टोपल्या घेऊन तयार. फकीर मोहम्मद चिखल कालवून पेवाच्या तोंडाशी. अख्खी उंद्री जमली होती, निम्मी ज्वारीसाठी आणि निम्मी कवळीसाठी.

"काकू, लवकर पाहा," किसनराव म्हणाले. "पानी आलं तं सगळं मातेरं. बराबर हाय का नाही?" आणि मान हलवली.

तानुबाईनं पदर खोचला. ढिगात हात घातला. दाणा काढला, डोळे मिटले. कोणीतरी बैलाची घंटी मुठीत धरली. खळं गप्प झालं. आणि त्या जुन्या, ओळखीच्या शांततेत जन्माची सवय पुढं झाली. दाणा डावीकडं गेला. तिनं दाबला.

खट्!

अख्ख्या खळ्याला ऐकू गेलं.

"कट्ट!" किसनराव ओरडले. "ऐकलं ना बे? कट्ट वाजला! ओता!"

टोपल्या उचलल्या गेल्या. बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, "बुढीचे दात परत आले व माय!" फकीर मोहम्मदनं चिखलाचा हात डोळ्याला लावला आणि कपाळभर माती करून घेतली. सगळे तिच्याकडं बघत होते, जसे भगवानरावांच्या काळात बघायचे. आता एकच शब्द म्हणायचा होता. न म्हणतासुद्धा चाललं असतं. नुसतं गप्प उभं राहिलं तरी पुरे होतं.

"थांबा," तानुबाई म्हणाली.

गडी थांबले. एक टोपली पेवाच्या तोंडावर तशीच तिरकी राहिली.

"तो दाना नाही बोलला. ती कवयी आपटली. डावा धुरा खचला हाय माहा. म्याच खचवला, राख घालून."

कोणीतरी फिस्सकन हसलं. किसनराव हसले नाहीत. त्यांनी आभाळाकडं पाहिलं, तानुबाईकडं पाहिलं. तिनं दुसरा दाणा घेतला, उजवीकडं ठेवला, मान कलती केली.

कुच्.

"ऊन दाखवा."

"घ्या!" किसनराव म्हणाले. "आधी कट्ट, आता कुच्! काकू, एका तोंडात दोन तोंडं झाली तुमची. आता म्या कोनतं खरं धरू? दात नवे हायेत, त्याइले काय कळते? वर पाहा, पानी हाय! बराबर हाय का नाही?" या वेळी आणखीही बऱ्याच माना हलल्या.

तानुबाईनं पदराची गाठ सोडली. "हे आमच्या पेवातली गेल्या सालची. किसनराव, तुमीच दाबून पाहा, कशी हाय."

किसनरावांनी एक दाणा दातांत धरला. खडा फुटावा तसा फुटला.

"वाळली हाय," ते म्हणाले. "मंग?"

"फकीरभाई, इकडं या. एका मुठीत हे घ्या, एका मुठीत ढिगातली. मले दाखवू नका. म्या डोये मिटते. जो मनात येईल तो दाना द्या."

फकीर मोहम्मदनं चिखलाचे हात धुतले, धोतराला पुसले, आणि पाठ करून उभा राहिला. मग वळून तिच्या तळहातावर दाणा ठेवला.

कट्ट. या खेपेला खट् नव्हता. ज्यांनी पूर्वीचा ऐकला होता त्यांना फरक कळला. "माह्या घरचा," तानुबाई म्हणाली.

दुसरा. कुच्. "किसनरावचा."

तिसरा. कुच्. "किसनरावचा."

फकीर मोहम्मद तिला चकवायला लागला. पुन्हा तोच द्यायचा, पुन्हा तोच, मग एकदम दुसरा. प्रत्येक वेळी ती मान कलती करायची, आणि प्रत्येक वेळी तो उरलेल्या लोकांना मुठी उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "अल्ला!" पुढं ना भलं, ना पन.

किसनराव गड्यांवर खेकसले, "काय पाहून राह्यले बे? तुराट्या आना, पालं आना, ढीग झाका! पेवाचंबी तोंड झाका!" आणि मग हळूच तानुबाईला, "आता माह्या बापानं खाल्लं तेच म्या खानार होतो."

"तुमच्या बापानं खाल्लं नव्हतं," तानुबाई म्हणाली. "बैलानंबी खाल्लं नव्हतं."

आभाळ वाजलं फार, पण शिंतोडे टाकून गेलं. पुढं ऊन कडक पडलं, ढीग उलटासुलटा करून त्याला दाखवला. मग तानुबाई पुन्हा आली, मान उजवीकडं कलती केली आणि म्हणाली, "भरा." फकीर मोहम्मदनं पेव असं लिंपलं की त्यावर आंघोळ केली तरी पाणी आत जायचं नाही. उन्हाळ्यात उघडलं तेव्हा ज्वारी चांदण्यासारखी होती.

खामगावचे डॉक्टर आता दात काढायला आलेल्या प्रत्येकाला "म्हणजे बघा हं, तुमचा धुरा" म्हणून सांगायला लागले, आणि शेतकरी लगेच मान डोलवायचे. शेवटी मात्र ते एक वाक्य जोडायचे, "आणि घरी जाऊन राख घालायची नाही." असं का, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. ते तानुबाई स्वतःच सांगायची. खळ्यावर, लग्नात, एस.टी.त. राखेची गोष्ट आली की ती ‘आख’ म्हणून दाखवायची, आणि शालूबाईची शेळी आपल्या गोष्टीत अशी मिसळायची की शालूबाई भांडायला उठायची.

उंद्रीत पुढं खळ्यावर कोणीही दाणा तपासायला घेतला, मोठा असो, लहान असो, गडी असो की किसनराव स्वतः, की तो डोळे मिटायचा, दाणा उजव्या दाढेखाली ठेवायचा आणि मान उजवीकडं कलती करायचा. डावीकडचे सगळे दात शाबूत असलेली माणसंसुद्धा.